गेमी खिंड

गेमी खिंड ही स्वित्झर्लंडमधील बर्नीज आल्प्स पर्वतरांगेतील एक उंच खिंड आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे २,२७० मीटर आहे. उत्तरेकडील बर्न कँटनमधील कांडरश्टेग हे गाव आणि दक्षिणेकडील व्हाले कँटनमधील लॉइकरबाड हे उष्ण झऱ्यांचे गाव या खिंडीतील पायवाटेने जोडली गेली आहेत. (कँटन म्हणजे स्विस संघराज्यातील घटक राज्य.) खिंडीतून मोटाररस्ता जात नाही. पूर्वी व्यापारी, पशुपालक आणि औषधी स्नानासाठी येणारे रुग्ण यांचा हा राबता मार्ग होता. आज तो मुख्यतः एका दिवसाच्या पदभ्रमणासाठी प्रसिद्ध आहे.

भौगोलिक स्थान

बर्नीज आल्प्सची ही रांग पूर्व-पश्चिम पसरलेली असून ती उत्तरेकडील आरे नदीचे खोरे व दक्षिणेकडील ऱ्होन नदीचे खोरे यांना विभागते. उत्तर उतारावरील ओढे कांडर नदीला मिळतात. ते पाणी पुढे आरे व ऱ्हाईन नद्यांतून उत्तर समुद्राला जाते. दक्षिणेकडील डाला नदी ऱ्होनला मिळते व तिचे पाणी भूमध्य समुद्रात पोचते.

खिंडीच्या पश्चिमेस डाउबेनहोर्न (२,९४२ मी.) हे शिखर असून त्यापलीकडे विल्डश्ट्रूबेल (सुमारे ३,२४४ मी.) हा हिमाच्छादित पर्वत आहे. ईशान्येस रिंडरहोर्न (३,४४८ मी.), आल्टेल्स (३,६२९ मी.) आणि बाल्महोर्न (३,६९८ मी.) ही शिखरे ओळीने उभी आहेत. कँटनची सीमा खिंडीच्या माथ्यावरून जात नाही. ती उत्तरेकडे बरीच खाली आहे. त्यामुळे खिंड आणि तिच्या उत्तरेची काही कुरणे व्हाले कँटनमध्ये मोडतात. सीमेच्या दोन्ही बाजूंस जर्मन भाषाच बोलली जाते. मात्र परंपरेने बर्न प्रॉटेस्टंट, तर व्हाले कॅथलिक आहे.

भूरचना

गेमीचे दोन्ही उतार एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. उत्तरेकडील चढ लांब आणि सौम्य असून तो कुरणे, विरळ अरण्य व खडकाळ पठार अशा टप्प्यांनी वर येतो. दक्षिणेस मात्र माथ्यापासून लॉइकरबाडपर्यंत (सुमारे १,४०० मी.) जवळजवळ ९०० मीटर उंचीचा कडा आहे. खालून पाहणाऱ्यास या कड्यावरून वाट असेल असे वाटतच नाही.

येथील खडक प्रामुख्याने चुनखडक आहे. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यातील भेगांतून आत झिरपते आणि भूमिगत वाटांनी वाहते. खिंडीच्या उत्तरेस २,२०७ मीटर उंचीवर असलेले डाउबेन सरोवर हे याचे ठळक उदाहरण होय. या सरोवरातून पृष्ठभागावरून वाहणारा एकही ओढा निघत नाही. त्याचे पाणी खडकाखालूनच निघून जाते. त्यामुळे सरोवराच्या पातळीत ऋतुमानानुसार मोठा फरक पडतो. वर्षातील बरेच महिने ते गोठलेले असते.

इतिहास

खिंडीतील वहिवाट जुनी आहे. दक्षिणेकडील कड्यातील आजची वाट १७३९ ते १७४१ या काळात टिरोल प्रांतातून आणलेल्या कामगारांनी खोदली. सुरुंगाची दारू व हातोडा-छिन्नी यांच्या साहाय्याने त्यांनी खडकात असंख्य नागमोडी वळणे कोरून काढली. लादलेली खेचरे जाऊ शकतील इतपत वाट झाल्याने दळणवळण वाढले. याच शतकात खिंडीच्या उत्तरेस २,०६० मीटर उंचीवर श्वारेनबाख येथे पांथस्थांसाठी निवारा उभा राहिला. तो आजही उपाहारगृह व विश्रामस्थान म्हणून चालू आहे.

लॉइकरबाडच्या झऱ्यांतून सुमारे ५१ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी येते. संधिवातासारख्या विकारांवर ते गुणकारी मानले जाई. उत्तरेकडून येणाऱ्या रुग्णांना हमाल खुर्चीत बसवून किंवा डोलीतून खिंडीपार नेत असत. एकोणिसाव्या शतकात आल्प्समध्ये हौशी प्रवाशांची संख्या वाढली, तेव्हा खेचरावर बसून हा कडा उतरण्याची प्रथा पडली. १८६१ मध्ये हेर्लिंकूर या फ्रेंच सरदार घराण्यातील एक तरुण स्त्री उतरताना खोगिरावरून दरीत पडून मरण पावली. त्यानंतर जनावरावर बसून उतरण्यास बंदी घालण्यात आली व प्रवाशांना हा टप्पा पायी उतरणे भाग पडले.

१९१३ मध्ये कांडरश्टेग ते गोपेनश्टाइन हा ल्योचबर्ग रेल्वे बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि खिंडीतील व्यापारी वाहतुकीचे प्रयोजन संपले. पुढे दोन्ही बाजूंनी रज्जुमार्ग झाले. लॉइकरबाडहून थेट माथ्यापर्यंत, तर कांडरश्टेगहून सुनब्युएल (सुमारे १,९३० मी.) या पठारापर्यंत रज्जुमार्गाने जाता येते.

आल्टेल्सची दुर्घटना

गेमीच्या वाटेवरील सर्वांत भीषण दुर्घटना दक्षिणेच्या कड्यावर घडली नाही. ती उत्तरेकडील सपाट, निर्धोक वाटणाऱ्या श्पिटलमाटे या कुरणावर घडली. आल्टेल्स शिखराचा वायव्य उतार हा चुनखडकाच्या एखाद्या प्रचंड तिरप्या फरशीसारखा आहे. त्या काळी या गुळगुळीत उतारावर हिमनदीचा जाड थर होता. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पहाटे त्या थराचा खालचा भाग तुटून कुरणावर कोसळला. कोसळलेल्या बर्फाचे घनफळ ४० लाख घनमीटरांहून अधिक होते. बर्फाचा लोंढा कुरण ओलांडून समोरच्या डोंगरउतारावर चढला. त्याच्या पुढे धावलेल्या हवेच्या झोताने झाडे व लाकडी झोपड्या उद्‌ध्वस्त केल्या. कुरणावर उन्हाळी मुक्कामास असलेली सहा माणसे व सुमारे १७० गुरे या घटनेत मृत्युमुखी पडली.

स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी या घटनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर्षीच्या उष्ण उन्हाळ्यात वितळलेले पाणी बर्फाच्या तळाशी पोचले व खडकावरील त्याची पकड सुटली, असे या घटनेचे स्पष्टीकरण दिले जाते. याच उतारावरून १७८२ मध्येही असाच हिमपात होऊन जीवितहानी झाली होती; तरीही कुरणाचा वापर सुरू राहिला होता. उंच उतारावरील हिमनदी अकस्मात का तुटते, याच्या अभ्यासात आल्टेल्सचा दाखला आजही दिला जातो. तापमानवाढीमुळे आता या उतारावरील बर्फ पुष्कळच ओसरले आहे.

वनस्पती व प्राणी

श्पिटलमाटेच्या पुढे आरोला जातीच्या पाइन वृक्षांचे विरळ अरण्य लागते. हा वृक्ष अतिशय सावकाश वाढतो आणि कडाक्याची थंडी सहन करतो. त्यापुढे वृक्षरेषा संपते व केवळ गवत, फुलझाडे व खडक उरतात. मार्मोट हा बिळात राहणारा प्राणी, शॅमॉय व आयबेक्स हे रानटी बोकडांसारखे प्राणी येथे आढळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समधून नाहीसे झालेले दाढीवाले गिधाड १९८६ पासूनच्या पुनर्वसन प्रयत्नांमुळे परतले असून ते या परिसरातही दिसते. उन्हाळ्यात माथ्यावरील कुरणांत काळ्या तोंडाच्या व्हाले मेंढ्या चरण्यास आणल्या जातात. जुलैच्या अखेरीस डाउबेन सरोवराकाठी मेंढपाळांचा उत्सव भरतो.

पदभ्रमण

सामान्यतः ही वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली जाते. कांडरश्टेगहून रज्जुमार्गाने सुनब्युएलला पोचल्यावर वाट श्पिटलमाटेच्या कुरणातून जवळजवळ सपाट जाते. पुढे अरण्यातील चढ चढून श्वारेनबाख येते. तेथवर सुमारे दीड तास लागतो. तेथून डाउबेन सरोवराच्या काठाने माथ्यापर्यंत आणखी साधारण दीड तास लागतो. हे एकूण अंतर सुमारे ९ किलोमीटर आहे. माथ्यावरून दक्षिणेस ऱ्होनच्या खोऱ्यापलीकडील उंच हिमशिखरांची रांग दिसते.

माथ्यावरून लॉइकरबाडपर्यंतची उतरण सुमारे दोन तासांची आहे. वाट खडकात कोरलेली व पुरेशी रुंद असली, तरी सतत उतरण्याने गुडघ्यांवर ताण येतो. उंचीचे भय असणाऱ्यांनी येथे रज्जुमार्गाचा पर्याय घ्यावा. लॉइकरबाडहून बसने लॉइक स्थानकावर येऊन रेल्वेने बोगद्यातून कांडरश्टेगला परतता येते.

स्वित्झर्लंडमध्ये साध्या पायवाटा पिवळ्या खुणेने, डोंगरी वाटा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आणि अवघड उच्च पर्वतीय वाटा पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी दर्शवितात. दिशादर्शक फलकांवर अंतराऐवजी चालण्याचा वेळ दिलेला असतो. त्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो. त्यामुळे शेवटच्या रज्जुमार्गाची वेळ पाहूनच निघावे. जूनअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा योग्य काळ होय. हंगामाच्या आरंभी सावलीतील घळींत बर्फ साचलेले असते आणि उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळ होण्याचा संभव असतो. म्हणून सकाळी लवकर निघणे हितावह ठरते. चांगली पकड असलेले बूट, उबदार व पावसाळी कपडे, पाणी आणि नकाशा सोबत असावा. हिवाळ्यात सुनब्युएल ते माथा ही वाट बर्फ दाबून चालण्यायोग्य केली जाते. दक्षिण कड्यावरील वाट मात्र त्या काळात वापरण्याजोगी नसते. संकटसमयी ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.

साहित्यातील उल्लेख

जर्मन नाटककार त्साखारियास वेर्नर यांच्या ‘डेर फिअरउंडत्स्वान्त्सिग्स्टे फेब्रुआर’ (चोवीस फेब्रुवारी) या नाटकाचे कथानक श्वारेनबाखच्या पांथशाळेत घडते. फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ यांच्या ‘लोबेर्ज’ (१८८६) या कथेतही हिवाळ्यात बर्फाने वेढलेली हीच पांथशाळा आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ (१८८०) या प्रवासवर्णनात गेमीच्या उतरणीचे वर्णन केले आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द फायनल प्रॉब्लेम’ (१८९३) या कथेत शेरलॉक होम्स व डॉ. वॉटसन गेमी खिंड ओलांडतात. डाउबेन सरोवराकाठून जात असता वरच्या कड्यावरून एक मोठा दगड घरंगळत येऊन त्यांच्या मागे सरोवरात पडतो. या प्रसंगानंतर कथा रायखेनबाख धबधब्यावरील शेवटाकडे वळते.