कुदळ आणि पाणसळ

बीड शहराबाहेर थोड्याच अंतरावर खजाना विहीर आहे. निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास, इथला जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या जाणकाराने तिची आखणी केली, असे सांगतात. भुयारांतून पाणी विहिरीत येते आणि भुयारातूनच पुढे शेतांकडे जाते. मोट नाही, इंजिन नाही. पाणी उताराने आपले आपण चालते. आता असे पाहा, हा उतार चुकला असता तर पाणी जागीच तुंबले असते. म्हणजे अंधारात कुदळ मारणाऱ्या माणसालाही पाणसळ कळत असली पाहिजे. पण नाव राहिले ते जहागीरदाराचे आणि योजकाचे. खणणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही.

आजकाल ‘हरित रोजगार’ असा शब्द कानांवर पडतो. पाणी अडविणे, माती धरणे, झाडे जगविणे, सूर्यापासून नि वाऱ्यापासून वीज करणे, ही ती कामे. यांतली पहिली दोन-तीन आपल्याकडे काही नवी नव्हेत.

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवत असेल. त्या वेळी वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्याने हाती घेतली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, ही गोष्ट जगाला नवी होती आणि तिने लाखो चुली विझू दिल्या नाहीत, हे विसरून चालणार नाही. पण कायद्याने काम दिले ते ‘अकुशल’. २००५ साली दिल्लीत झालेल्या कायद्यातही हाच शब्द आला. मला तो फार खटकतो. ज्याने पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले, तो वर्षानुवर्षे काम करूनही हजेरीपटावर अकुशलच! रेघ मारायची साहेबांनी, खणायचे मजुराने. बांध फुटला तर तो का फुटला, हे त्याला कोणी सांगितले नाही.

ही रेघ मजुराच्या हाती देण्याचा एक प्रयत्न २०१६ साली झाला. पानी फाउंडेशनने त्या वर्षी राज्यातले तीनच तालुके निवडले. वरूड, कोरेगाव आणि आपले अंबाजोगाई. गावोगावची माणसे, बायासुद्धा, आधी शिकायला नेली आणि मग उन्हाळ्यात श्रमदान झाले. बीडला उन्हाळाच सोयीचा. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातो, तो शिमग्या-पाडव्याला परततो. इथे दिवाळीनंतर वर्ग भरविला तर शिकायचे कोणी?

विजेच्या कामाची गोष्ट थोडी वेगळी. पाटोद्याच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, शेतांत सौरपंप बसताहेत. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘सूर्यमित्र’ हे तीन महिन्यांचे शिक्षण काढले, ते चांगलेच. पण त्याला दहावीनंतरचे आयटीआय हवे. मायबापांमागे फडावर गेलेल्या आणि सातवी-आठवीतच शाळा सुटलेल्या पोराला आपल्याच बापाच्या शेतातला पंप दुरुस्त करायला शिकायचे दार तिथेच बंद होते. अशांसाठी पावसाळ्यात, तालुक्याच्या गावी, हाताने शिकविणारा वर्ग निघाला पाहिजे. लिहिण्यावाचण्याची उणीव त्यातच भरून काढावी.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. भूगोलात समोच्च रेषा शिकवितो, त्या पोरे पाठ करतात. त्याच रेषेवर त्यांच्या आईबापांनी सलग समतल चर खणलेले असतात. दोन्ही एकच, हे मात्र कोणी बोलत नाही. दोन सारख्या काठ्या घ्याव्या, दोहोंवर सारख्या खुणा कराव्या, पारदर्शक नळीची दोन टोके त्यांना बांधून नळीत पाणी भरावे. बुडबुडा राहू देऊ नये. एक काठी जागेवर ठेवून दुसरी टेकडीवर पुढे-मागे सरकवावी. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आले की तिथे फक्की टाकावी. पंधरा-वीस खुणा जोडल्या की रेषा तयार. पहिल्या पावसानंतर मुलांना तिथे पुन्हा न्यावे, आणि चरात पाणी कुठे साचले, कुठून निसटले, ते त्यांनाच दाखवू द्यावे.