खापर कोणाच्या माथी?

दिवाळीच्या तोंडावर घरोघर ट्रंका उपसल्या जातात, आणि एखाद्या लोकरी शालीला भोक दिसले की वडीलधाऱ्या बायका कसरीच्या नावाने बोटे मोडतात. लोकर कुरतडणाऱ्या या किड्यांत काही भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्याही असतात. त्याच कुळात एक धान्यखाऊ भाऊबंद आहे. त्याचा इतिहास मला एखाद्या कादंबरीहून कमी रंजक वाटत नाही.

त्याचे नाव खपरा. हिंदीत खपरा म्हणजे कौल. भिंतींच्या नि कौलांच्या फटींत अळी दडते, म्हणून हे नाव. एव्हर्ट्स नावाच्या डच पंडिताने १८९८ साली त्याला लॅटिन नाव दिले खरे, पण इंग्रजी दप्तरांत आजही आपला ‘खपरा’च चालतो!

हा भुंगेरा जेमतेम तिळाएवढा. त्याला उडता येत नाही. माझ्या वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारील, मग गुरुजी, हा समुद्र कसा ओलांडतो? गोणपाटातून! १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, पंजाबचा गहू कराचीहून विलायतेस जाऊ लागला. धान्याच्या अशा पोत्यांच्या शिवणींत बसून याने प्रवास केला. थंड मुलखातही दारूसाठी सातू भाजण्याच्या उबदार भट्ट्या त्याला मानवल्या. तेव्हा खापर फोडायचेच, तर ते किड्याइतकेच व्यापाराच्याही माथी फोडावे, असे माझे मत आहे.

अळीची चिकाटी तर विलक्षण. खायला नसले की ती फटीत निपचित पडते आणि वर्षानुवर्षे तग धरते. गोदाम झाडून रिकामे केले, तरी ती तिथेच असते.

कॅलिफोर्नियात १९४६ साली फ्रेझ्नो येथे हा किडा सापडला. तज्ज्ञांनी पाहिला आणि गालिचे खाणारा काळा भुंगेरा समजून सोडून दिला. खरी ओळख पटली १९५३ मध्ये. सात वर्षांत गोदामेच्या गोदामे पोखरली होती. मग अख्ख्या इमारतींवर ताडपत्र्या पांघरून आत विषारी वायू सोडण्यात आला. ही मोहीम १९६६ पर्यंत चालली, खर्च सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर!

तेव्हापासून अमेरिकेने धसका घेतला आहे. खपऱ्याचा वावर असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला आता सोबत तांदूळ नेता येत नाही. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईने बॅगेत मायेने भरलेला आंबेमोहोर तिकडच्या विमानतळावरच काढून घेतात.