पाहुण्यांना जेवू कोण घालणार?

अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जंत्री मांडली, तेव्हा त्यातल्या सरकारांमध्ये कळंबचंही नाव आलं. कळंब हे जुनं आणि महत्त्वाचं शहर आहे, इथल्या म्हशी उत्तम असतात आणि जवळच चांद्याच्या गोंड जमीनदाराची सत्ता आहे, एवढ्या तीन गोष्टी त्याने आवर्जून टिपल्या. आज यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव लोकांना ठाऊक आहे ते जमिनीच्या पातळीखाली असलेल्या चिंतामणीच्या देवळामुळे आणि त्यासमोरच्या कुंडामुळे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र अबुल फझलची नोंद जास्त बोलकी आहे. ती सांगते की कळंब हा सीमेवरचा मुलूख होता. एका बाजूला वऱ्हाडची सुलतानी आणि नंतरची मोगलाई, दुसऱ्या बाजूला गोंडवन. अशा सीमेवर माणसं एकमेकांकडे जातात, जेवतात आणि रात्रभर नाचतात-गातात तेव्हा तिथे नुसती करमणूक चाललेली नसते. कोण कोणाचा पाहुणा, कोणाशी सोयरीक होऊ शकते, कोणाच्या घरात यंदा धान्य आहे, हे सगळं त्या रात्री ठरत असतं. कळंबच्या दक्षिणेला घाटंजी, केळापूर, झरी-जामणी आणि पैनगंगेपलीकडे किनवट-आदिलाबादपर्यंत पसरलेली गोंडांची दंडारी ही अशा रात्रींची जुनी व्यवस्था आहे. तिच्याबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. नाचगाण्याची रात्र टिकते की मोडते, हे कलेच्या शुद्धतेवर ठरत नाही. त्या रात्री जेवू कोण घालतं आणि कुठल्या नात्याने घालतं, यावर ते ठरतं.

दंडारी चालते दिवाळीआधीच्या पंधरवड्यात. एका गावचं पथक वाजतगाजत दुसऱ्या गावी जातं. यजमान गाव त्यांना उतरवून घेतं, जेवू घालतं, रात्र नाचण्यात जाते, आणि पुढे कधीतरी यजमान गाव पाहुणं होऊन परतफेडीला जातं. पथकात ढोल असतो, गुमेला नावाचं वाद्य असतं, मुलींचा वेष घेतलेले मुलगे असतात, आणि सगळ्यांच्या नजरा खिळतात त्या घुसाडीवर. घुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड टोप असतो. शेकडो पिसं एकेक करून गुंफलेली, त्यात मधे आरसे आणि शिंगं बसवलेली. अंगाला राख फासलेली, खोटी दाढी, गळ्यात माळा, खांद्यावर बकऱ्याचं कातडं आणि हातात दांडका. त्या पंधरवड्यात घुसाडी आंघोळ करत नाही, कारण त्याच्या अंगावर देव असतो. निजामाच्या राज्यात १९४० नंतर मार्लवाई गावी मुक्काम ठोकून राहिलेला मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याने राजगोंडांवरच्या आपल्या ग्रंथात या गावभेटींचं वर्णन केलं आहे. दंडारीचा गाभा टोपात किंवा ढोलात शोधला तर चुकतं. तो आहे परतफेडीच्या जेवणात. जेवण द्यायला धान्य लागतं, धान्याला जमीन लागते, आणि माझ्या युक्तिवादाचं पहिलं पाऊल इथेच पडतं.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलं. पुढच्या पंधरा वर्षांत अमेरिकेतलं यादवी युद्ध झालं, कापसाचे भाव कडाडले, आणि मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेरा, वर्धा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रूळही आले, तेही कापसासाठीच. ज्वारीचं पेव भरून ठेवणारं शेत आता जिनिंगकडे जाणारी गाडी भरू लागलं. कापूस पैसा देतो, पण कापूस शिजवून पाहुण्यांच्या पानात वाढता येत नाही. पैसा सावकाराच्या वहीतून फिरतो आणि त्या वहीत आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर गेल्या. प्रश्न इतका खोल होता की महाराष्ट्राला १९७४ मध्ये अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कळंब तालुक्यातल्या गोंड-कोलाम वस्त्यांपासून पांढरकवड्यापर्यंत ज्यांच्याकडे जमीन उरली नाही, त्यांच्याकडे चाळीस-पन्नास पाहुण्यांना दोन वेळ जेवू घालण्याची ऐपतही उरली नाही. यजमानकी परवडेनाशी झाली की पाहुणे येणं थांबतं आणि पथक आपल्याच गावात फिरत राहतं.

याची उलट बाजू पैनगंगेपलीकडे दिसते. निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला, आणि त्यानंतर हादरलेल्या निजाम सरकारने हायमेनडॉर्फच्या शिफारशींवरून आदिलाबादच्या हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे दिले. तिथे दंडारी टिकली, आणि त्याच मार्लवाईचे कनक राजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. यावर कोणी म्हणेल की आदिलाबादचा डोंगराळ भाग दुर्गम होता आणि गोंडांची वस्ती तिथे दाट होती, म्हणून दंडारी टिकली. पट्ट्यांशी त्याचा काय संबंध? आक्षेप बरोबर आहे, दुर्गमतेचा वाटा मोठाच आहे. पण दुर्गम असूनही जमीन गेलेल्या वस्त्या दोन्ही राज्यांत आहेत, आणि परतफेडीची भेट नुसत्या दुर्गमतेतून उभी राहत नाही. पट्टा हातात असलेल्या माणसाला निदान यजमान होता येतं.

इथे स्पेनच्या दक्षिणेकडे वळायला हवं, कारण हाच प्रश्न तिथे वेगळ्या मार्गाने सुटला. अंदालूसियातली फ्लामेंकोची रात्र आज साऱ्या जगातल्या प्रवाशांना माहीत आहे. लहान जागा, लाकडी फळ्यांचा मंच, एक गिटार, एक गाणारा, एक नाचणारी, आणि टेबलावर छोट्या छोट्या बश्या. ऑलिव्ह, वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, पालक घालून शिजवलेले छोले. ग्रानादात अजूनही पेयाबरोबर अशी बशी फुकट येते, आणि सेविलच्या जुन्या एल रिंकोंसिल्यो दुकानात बिल लाकडी फळीवर खडूनेच लिहिलं जातं. आपल्याकडचे कलारसिक हे पाहून म्हणतात की जेवणाचं ताट आणि तिकीट आलं की कला बाटते. इतिहास असं सांगत नाही. फ्लामेंकोला आजचं रूप आलं ते एकोणिसाव्या शतकातल्या गायनाच्या कॅफेंमध्ये. सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती या गायकाने सेविलमध्ये १८८१ मध्ये स्वतःचा कॅफे काढला. त्याच वर्षी लोकसाहित्याचे अभ्यासक आंतोनिओ माचादो इ आल्वारेझ यांनी फ्लामेंको गीतांचा पहिला मोठा संग्रह छापला आणि कॅफे या गाण्याचा जीव घेतील अशी चिंता व्यक्त केली. आज मागे वळून पाहिलं तर गिटारची बैठक, गायनाचे वेगवेगळे प्रकार आणि नाचाची शिस्त हे सगळं त्या कॅफेंनीच घडवलं. त्याआधी गायक श्रीमंत जमीनदाराच्या खासगी मैफलीत बोलावला जायचा आणि यजमानाची मर्जी असेपर्यंत गायचा. कॅफेने त्याला ठरलेली रात्र आणि ठरलेला मोबदला दिला.

शुद्धतेच्या नावाने फ्लामेंकोला वाचवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न १९२२ मध्ये झाला. संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी जूनमध्ये ग्रानादाच्या अलहाम्ब्रात गाण्याची स्पर्धा भरवली आणि व्यावसायिक गायकांना स्पर्धेबाहेर ठेवलं. हेतू उदात्त होता, आणि दोघांचंही गाण्यावरचं प्रेम खरं होतं. बक्षीस मिळालेल्यांत एक वयोवृद्ध गायक होता आणि एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा, जो पुढे मानोलो काराकोल म्हणून ख्यातनाम व्यावसायिक गायक झाला. ज्या धंद्याला दार बंद केलं, त्याच धंद्यात स्पर्धेचं सर्वांत मोठं नाव वाढलं, याहून स्पष्ट उत्तर काय असू शकतं? पुढे १९५० च्या दशकात माद्रिदमध्ये तब्लाओ, म्हणजे खाण्यापिण्याबरोबर फ्लामेंको दाखवणाऱ्या जागा, निघाले, त्यात १९५६ चा कोर्राल दे ला मोरेरिया आजही चालू आहे. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं, तेव्हा ही पोट भरणारी व्यवस्था शतकाहून जुनी झालेली होती.

मग दंडारीलाही तिकीट लावा, असं मला म्हणायचं आहे का? नाही. दोन्हीकडची व्यवस्था वेगळी आहे आणि ती वेगळीच राहायला हवी. फ्लामेंकोत पूर्वीपासून गाणारा आणि ऐकणारा असे दोन पक्ष होते. हितानो, म्हणजे स्पेनचे रोमा, पंधराव्या शतकात तिथे पोचले, १७४९ मध्ये राजाज्ञेने त्यांची सरसकट धरपकड झाली. त्यांच्या कलेचा श्रोता बहुधा त्यांच्याहून वरच्या थरातला असायचा. त्यामुळे तिकिटाने एक जुनी विषमता थोडी उघड आणि थोडी नियमबद्ध केली. रोमांची भाषा भारतीय कुळातली आहे म्हणून फ्लामेंको आणि आपल्या बंजारा-गोंड नृत्यांत रक्ताचं नातं जोडण्याची हौस अनेकांना असते. मला त्यात फारसं काही दिसत नाही, नात्यापेक्षा व्यवस्थेची तुलना जास्त शिकवते. दंडारीत पाहणारा आणि नाचणारा एकाच समाजातले, आजचा यजमान उद्याचा पाहुणा. तिथे तिकीट लावलं तर ज्या गोष्टीवर ती उभी आहे तीच काढून घेतल्यासारखं होईल.

याच ठिकाणी सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो महाराष्ट्रातूनच येतो. पैशाच्या रात्रीचं काय होतं ते आपण लावणीच्या संगीत बारीत पाहिलं आहे. कोल्हाटी आणि इतर समाजांतल्या बायकांनी लावणी शतकानुशतकं जिवंत ठेवली. श्रोत्याचा पैसा आणि श्रोत्याची नजर दोन्ही त्यांना झेलावी लागली. १९४८ मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. उपाय कलावंतांच्या पोटावर आला, विरोध झाला, आणि अटी घालून बंदी उठवावी लागली. त्या वेळी यवतमाळ मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, त्यामुळे ती बंदी इथे लागू नव्हती. तरी धडा इथल्यासाठीही आहे. सत्यभामाबाई पंढरपूरकर, यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावंतांना प्रतिष्ठा मिळाली ती बारीतला धंदा नाकारून नाही, त्या धंद्यातच घडलेल्या अदाकारीमुळे. बारीतल्या बाईचं शोषण हे खरंच आहे आणि त्यावर गप्प बसू नये. पण बंदीने शोषण थांबलं नाही, उत्पन्न थांबलं. माझ्या मुद्द्याला हा आक्षेप बळच देतो: जेवू घालण्याची अट कोण ठरवतं, हा प्रश्न चुकवून कलेचा कैवार घेता येत नाही.

पानात काय वाढलं जातं, यातही सत्ता असते. अंदालूसियातल्या हेरेझच्या शेरी या मद्याला १९३५ मध्ये स्वतःचं नियामक मंडळ मिळालं, गावाचं नाव मद्याला संरक्षण म्हणून लावलं गेलं, आणि त्या मद्याच्या पिंपांशेजारी बसून गाणं ऐकणं हा अंदालूसियाचा अभिमान ठरला. गोंडांच्या पूजेत मोहाची दारू देवाला वाहिली जाते, पण घरची मोहाची भट्टी इंग्रजांच्या अबकारी व्यवस्थेने गुन्हा ठरवली आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ती स्थिती बदलली नाही. एकाच्या सणाचं पेय वारसा झालं, दुसऱ्याच्या सणाचं पेय पोलिसांच्या छाप्याचा विषय. यावर यवतमाळच्या बायका बोलतील, आणि त्यांचं बोलणं ऐकलंच पाहिजे. दारूने घरं बसलेली त्यांनी पाहिली आहेत, दारूबंदीसाठी त्या रस्त्यावर उतरल्या आहेत. देवाला वाहिलेली मोहाची धार आणि चौकातली रोजची देशी यांत फरक करता येतो, आणि तो फरक करण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दिलेलाच आहे. ग्रामसभेत बायका मोठ्या संख्येने बसतात तिथे हा निर्णय जास्त शहाणपणाने होईल, असं मला वाटतं.

आता राहतो सरकारी मंच. प्रजासत्ताक दिनाला किंवा एखाद्या महोत्सवाला आदिवासी पथक बोलावतात, दहा मिनिटं नाचवतात, शाल-श्रीफळ आणि मानधन देतात. मानधन वाईट नाही. घुसाडीचा टोप नीट ठेवायला, ढोल मढवायला पैसा लागतो. पण ते दहा मिनिटांचं नृत्य म्हणजे परतफेडीच्या भेटीतून उचकटून काढलेला एक तुकडा. त्यात यजमान नाही, पाहुणा नाही, सोयरिकीचं बोलणं नाही, रात्रही नाही. ग्रानादाच्या स्पर्धेने हेच केलं होतं: गाणं ठेवलं आणि त्याचं पोट बाजूला काढलं. दंडारीला आधार द्यायचा तर तो यजमानकीला द्यायला हवा. तेलंगणात उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास कार्यालयामार्फत दंडारी पथकांना सणासाठी रोख मदत मिळते, ही चांगली सुरुवात आहे. तीही पथकाला मिळते, जेवू घालणाऱ्या गावाला मिळत नाही. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाला एक पाऊल पुढे टाकता येईल: जे गाव बाहेरचं पथक बोलावेल, त्या गावच्या ग्रामसभेच्या खात्यात दोन रात्रींच्या शिधापाण्याची रक्कम जमा करावी. तांदूळ, तुरीची डाळ, ज्वारी, तेल, बकरा आणि सरपण, एवढाच तो हिशोब. आणि रक्कम कोजागिरीपर्यंत हातात पडायला हवी, कारण त्या दिवसांत सोयाबीनची काढणी चालू असते, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली नसते, मजुरीचे पैसे तुंबलेले असतात आणि पाहुणे मात्र दिवाळीच्या आतच यायचे असतात.