कारखान्याचं कूळ

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ ऑगस्ट १९६२ ला औद्योगिक विकास महामंडळ आलं, पुढे आमच्या रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातही एमआयडीसी झाली. हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र ‘कारखाना’ या शब्दानं झपाटलं.

निमित्त शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीचं. तोफखाना, नगारखाना, पीलखाना, शरबतखाना... हत्ती आणि शरबत यांत उत्पादन कसलं? तिथे कारखाना म्हणजे राज्याचं खातं आणि त्याचा साठा. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे. धान्य आणि दारूगोळा त्याच्या ताब्यात.

शब्द फारसी: कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. ‘कार’ आपल्या ‘कृ’ धातूचा, असं सांगणारे भेटतात. त्यांचं निम्मं बरोबर आहे. फारसी ‘कार’ आणि संस्कृत ‘कृ’ ही एकाच मुळाची भावंडं. पण मराठीत शब्द आला तो फारसीच्या दारानं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेल्या राज्यव्यवहारकोशात त्याला ‘कार्यस्थान’ हा संस्कृत प्रतिशब्द दिला. पुढे सावरकरांनी याच रत्नागिरीत भाषाशुद्धीची चळवळ चालवली. तरी कारखाना हलला नाही. १९४८ चा कायदासुद्धा मराठीत ‘कारखाने अधिनियम’च झाला! माझ्या मते कारण सरळ आहे. कार्यस्थान दफ्तरात राहिलं, कारखाना कारागिरांच्या तोंडी होता.

याला पुरावा आमच्याकडे आहे. एमआयडीसीत जाणारा माणूस ‘कंपनीत जातो’ म्हणतो; गणपतीचा मात्र कारखानाच. श्रावणाआधी घरोघरचे पाट तिथे पोचतात, पाटावर खडूनं नाव. एका खोलीत कुणी शाडू मळतोय, कुणी साच्यातून हात काढतोय, आणि डोळ्यांची आखणी मुख्य कारागीर स्वतः करतोय. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी बर्नियेनं मुघल दरबारचे कारखाने पाहिले, तेही असेच: एका दालनात भरतकाम करणारे, दुसऱ्यात सोनार, तिसऱ्यात चितारी, प्रत्येकावर एक उस्ताद. कुणी म्हणेल, ‘वस्तू घडवण्याची जागा’ हा अर्थ गिरण्यांमुळे आला. मला ते पटत नाही. गिरणीला आपण गिरणीच म्हटलं. कारखान्याचा हाही अर्थ जुनाच, तो गणपतीच्या खोलीनं जपला.

१ मे हा कामगार दिनही. ‘कामगार’मधला काम संस्कृत ‘कर्मा’चा, ‘गार’ फारसी. शब्दांची अशी कुळं कारागिरांच्या तोंडी सापडतात; म्हणून यंदा गणपतीचा पाट द्यायला जाल तेव्हा त्या खोलीत घटकाभर बसा आणि तिथल्या जुन्या माणसांकडून त्यांच्या कामाचे शब्द लिहून घ्या.