वावर आणि वारस

किन्हीराजासारख्या गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबा, हे वावर तुमच्याकडे कधीपासून?" उत्तर ठरलेलं असतं, "बापजाद्यापासून." हे बापजादे नेमके किती मागचे, हा प्रश्न इतिहासाच्या मास्तरला सुचतो, शेतकऱ्याला सुचत नाही, आणि सुचायचं कारणही नाही. परंतु जुने कागद काढून बसलं, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वऱ्हाडातल्या पुष्कळ वावरांची कागदोपत्री वंशावळ एकाच सुमाराला सुरू होते. तो काळ म्हणजे 1861 नंतरचा.

त्याआधी काय होतं? निजामाच्या अंमलात वऱ्हाडचा सारा वसूल करायचा मक्ता सावकारांच्या हाती जाई. मक्तेदाराला पुढल्या वर्षाची शाश्वती नसे, म्हणून तो याच वर्षी पिळून घेई. रयत गाव सोडून जाई, वावर पडीत राही. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या कारभाराखाली दिला, आणि 1861 पासून इथं मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं मोजणी सुरू झाली. साखळी घेऊन मोजणीदार धुऱ्या-धुऱ्यानं हिंडले. वावराला नंबर पडला, मातीची प्रत ठरली, सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. खातेदारानं सारा भरला की वावर त्याचं. ते मुलाला देता येईल, विकताही येईल, गहाणही टाकता येईल. या शेवटल्या दोन सवलतींनी पुढं काय केलं, ते मी सांगायला नको.

नेमक्या त्याच साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध 1865 ला संपलं आणि भाव कोसळला. चढत्या भावात घेतलेलं कर्ज मात्र कोसळलं नाही. त्यावर 1899-1900 चा छपन्याचा दुष्काळ आला, आणि कित्येक खात्यांवरची नावं बदलली.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक जुळणी सांगतो. 1862 साली अमेरिकन सरकारनं कायदा केला, की जो कोणी पाच वर्षं राहून जमीन कसील त्याला 160 एकर द्यावे. आणि वऱ्हाडात 1865 साली ओसाड जमिनी कराराने लागवडीस द्यायचे नियम झाले. याला आपल्याकडे इजारा म्हणत. वाशीम-यवतमाळकडच्या डोंगराळ भागात आजही काही गावांच्या नावाला 'इजारा' चिकटलेला दिसतो. दोन्हीकडे सरकारच्या लेखी ती जमीन रिकामी होती. रिकामी म्हणजे काय, हे तिथं ढोरं चारणाऱ्याला आणि शिकार करणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं राज्य आहे. तिथल्या डोव्हर गावी टटल नावाच्या इंग्लंडहून आलेल्या घराण्याचं शेत होतं. त्याची परंपरा 1632 पासून मोजतात. म्हणजे इकडे शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते! ते शेत अकरा पिढ्या एकाच घराण्यात राहिलं. हे साधलं कसं? इंग्लंडात थोरल्या मुलाकडे जमीन जाई. अमेरिकेत तो कायदा टिकला नाही, पण शेतकरी घरांत वहिवाट अशी पडली, की शेत एकानं घ्यावं आणि बाकीच्यांनी रोकड, धंदा किंवा पश्चिमेकडची नवी जमीन पाहावी. पश्चिमेला जमीन होती, म्हणून हे चाललं.

आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणं मुलाचा हक्क जन्मापासूनचा. कोणीच भाऊ उपाशी राहू नये, हा त्यातला न्याय मोठा आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हिशेब करून पाहा. पणजोबांचं 32 एकर असेल आणि दर पिढीला दोनच भाऊ धरले, तर आजोबाला 16, बापाला 8, आपल्याला 4, आणि मुलाच्या हाती 2. शिवाय वाटणी होते ती आडवी नव्हे, उभी. प्रत्येकाला काळ्या भारी जमिनीतला तुकडा हवा, बरडातलाही घ्यावा लागतो, विहिरीवर पाळी हवी आणि बैलगाडीला वाट हवी. मग वखर फिरवायला जागा उरत नाही, आणि धुऱ्यापायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. तुकडेबंदीचा कायदा 1947 चाच आहे. कागदावर तुकडा पडला नाही तरी वावरात पडतोच. शेतीच्या गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1970-71 ला 4.28 हेक्टर होतं. 2015-16 ला ते 1.34 हेक्टरवर आलं.

आणि या साऱ्या हिशेबात मी आत्तापर्यंत बहिणीला धरलंच नाही, हे तुमच्या ध्यानात आलं का? वाटणीच्या बैठकीतही ती अशीच राहून जाते. 1956 च्या वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. 1994 ला महाराष्ट्रानं, तोवर लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीला आणलं. 2005 ला देशभर तसा कायदा झाला, त्यात लग्न झालेल्या मुलीही आल्या. आणि तो हक्क जन्मापासूनचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 ला ठरवलं. कायदा पुरा झाला. पण त्याबरोबर हक्कसोडपत्रही गावोगाव चालू लागलं. माझ्या आत्यानं ते केलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तहसिलीच्या गावी नेऊन तिची सही घेतली, वाटेत तिला हॉटेलात भजी खाऊ घातली, घरी आल्यावर लुगडं दिलं. तिनं एवढंच म्हटलं, "तुरीच्या शेंगांच्या वक्ती बोलावत जा, बाबू." दोनचार वर्षं बोलावलं. पुढं राहून गेलं.

डोव्हरच्या त्या शेताचंही शेवटी वाटणीपायी काही बिघडलं नाही. अकराव्या पिढीचे लोक थकले, बाजारात मोठ्या दुकानांपुढं निभाव लागेना. 2010 ला त्यांनी शेत विक्रीला काढलं आणि 2013 ला ते दुसऱ्या कुटुंबाकडे गेलं. तिथं तुकडे न पाडताही घराण्याचं नाव गेलं. आपल्याकडे नाव राहतं, एका सात-बाऱ्यावर अकरा-अकरा नावं राहतात, आणि वावर मात्र कोणी बटईनं तिसराच वाहतो.

गेल्या वर्षी आमच्या वडिलांच्या माघारी फेरफार करायची वेळ आली. बहिणीचं हक्कसोडपत्र वकिलानं आपणहून टाईप करून दिलं. मी सांगितलंही नव्हतं, आणि नको म्हणालोही नाही. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. आखाजीला ती माहेरी आली, तेव्हा मी तो बाहेर काढला नाही. पटवारी दोनदा विचारून गेला. वारसांच्या अर्जात आम्हा भावांच्या खाली तिचं नाव लिहून मी तो त्याच्या हाती दिला. त्यानं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "बाईंची सही नंतर आणता का?"