बाय-वायरिंग

बाय-वायरिंग : अँप्लिफायरपासून स्पीकरच्या पेटीपर्यंत एकाऐवजी तारांच्या दोन जोड्या नेण्याची पद्धत. एक जोडी खर्जाच्या वूफरला, दुसरी वरच्या स्वरांच्या ट्वीटरला. अशा पेटीच्या पाठीमागे चार टर्मिनल असतात. लालला लाल आणि काळ्याला काळे धातूच्या पट्टीने जोडलेलेच येते. पट्ट्या काढल्या की आतल्या क्रॉसओव्हरचे, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या मंडलाचे, दोन भाग सुटे होतात. अँप्लिफायरकडे मात्र दोन्ही जोड्या त्याच टर्मिनलांवर कसतात. त्यामुळे व्होल्टेज दोन्ही जोड्यांना सारखेच मिळते आणि ८ ओहमचा स्पीकर ८ ओहमचाच राहतो. बोवर्स अँड विल्किन्सच्या ८०० मालिकेत ही सोय आहे. केईएफच्या एलएस५० या गाजलेल्या स्पीकरला एकच जोडी आहे.

खर्जाच्या मोठ्या प्रवाहाचे सावट नाजूक स्वरांवर पडू नये म्हणून तारा वेगळ्या कराव्यात, असे समर्थक म्हणतात. प्रवाहांची वाटणी होते, हे खरे. पण एकाच तांब्याच्या तारेतून वाहणारे निरनिराळ्या कंप्रतांचे प्रवाह एकमेकांना बिघडवत नाहीत. प्रश्न उरतो तो तारेच्या रोधाचा.

तो किती, हे मुंबईच्या काळाचौकीतल्या घरावरून पाहता येते. अभ्युदयनगरातल्या किंवा चाळीतल्या खोलीत अँप्लिफायरपासून स्पीकर ४ मीटरपलीकडे क्वचितच जातो. लॅमिंग्टन रोडवर ‘चाळीस-शहात्तर’ म्हणून मिळणारी तार म्हणजे ०.००७६ इंच जाडीचे ४० धागे, सुमारे १.१७ चौ. मिमी. तांबे. जाऊन-येऊन ८ मीटरचा तिचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर आवाज जेमतेम ०.१३ डेसिबलने उतरतो. बाय-वायरिंगमध्येही वूफरच्या वाट्याला तेवढाच रोध येतो. याउलट पट्ट्या तशाच ठेवून दोन्ही तारा एकत्र जोडल्या, तर तो निम्मा होतो. म्हणजे त्याच तांब्याचा हा उपयोग अधिक शहाणपणाचा. एकच जाड तार घेतली तरी चालते.

काही स्वस्त अँप्लिफायरांत ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन्ही बटणे एकदम दाबली की स्पीकर एकसरीत जोडले जातात. अशा ठिकाणी एक जोडी ‘ए’ला आणि दुसरी ‘बी’ला लावल्यास आवाज चमत्कारिक येतो.

बाय-अँपिंग निराळे. त्यात वूफर आणि ट्वीटरला स्वतंत्र अँप्लिफायर असतो. गणपतीच्या मिरवणुकांतल्या मोठ्या साउंड सिस्टिम याच तत्त्वावर चालतात : क्रॉसओव्हर अँप्लिफायरच्या आधी येतो आणि ‘बेस’ व ‘टॉप’ पेट्यांना वेगळे अँप्लिफायर असतात. फरक ऐकू येतो तो येथे. घरी बाय-अँपिंग करताना मात्र पट्ट्या काढल्याच पाहिजेत. बाय-वायरिंगमध्ये त्या विसरल्या तर काही बिघडत नाही. येथे राहिल्या तर दोन अँप्लिफायरांचे आउटपुट एकमेकांवर येतात आणि अँप्लिफायर जळू शकतो.