खानदेशातल्या दगडी पेट्या

लेटरबॉक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकातली लाल पेटी येते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डार्टमूर नावाचं एक ओसाड माळरान आहे. शेरलॉक होम्सच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीतला तो भयंकर कुत्रा याच माळावर फिरतो. तिथल्या लोकांसाठी लेटरबॉक्स म्हणजे दगडांच्या फटीत लपवलेली एक डबी. ती शोधत दिवसभर रानोमाळ भटकायचं, हा त्यांचा आवडता छंद आहे. त्याला ते लेटरबॉक्सिंग म्हणतात.

हा छंद सुरू झाला 1854 मध्ये. चॅगफर्ड गावात जेम्स पेरट नावाचा वाटाड्या राहत असे. तो शहरी पाहुण्यांना माळावरच्या क्रॅनमियर पूल या ठिकाणी घेऊन जाई. वाट दलदलीची आणि फसवी होती, पोहोचणारे थोडेच. पेरटने तिथे दगड रचले आणि त्यात एक बाटली ठेवली. पोहोचलेल्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकावं, एवढीच कल्पना. पुढे लोक तिथे स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले. नंतर येणारा माणूस ती उचलून पोस्टात टाकायचा. म्हणून नाव पडलं लेटरबॉक्स. त्यानंतर रबरी शिक्के आले. आज डबीत एक शिक्का आणि एक वही असते. शोधणाऱ्याकडे स्वतःचा शिक्का आणि स्वतःची वही असते. डबीतला ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपला ठसा डबीतल्या वहीत उमटवायचा आणि डबी होती तशी लपवून निघायचं. जागेचा पत्ता सरळ सांगत नाहीत. तो कोड्यात असतो. 1998 मध्ये अमेरिकेतल्या 'स्मिथसोनियन' मासिकात यावर लेख आला आणि तिकडच्या बागांमध्ये, जंगलवाटांवरही डब्या लपवल्या जाऊ लागल्या. 2000 साली जीपीएसच्या मदतीने चालणारा याचा धाकटा भाऊ जन्मला, जिओकॅशिंग.

गंमत म्हणजे त्याच 1854 मध्ये आपल्याकडे पोस्टाचा नवा कायदा झाला, देशभर चालणारी तिकिटं निघाली आणि पत्र किती लांब जाणार यापेक्षा त्याचं वजन किती, यावर दर ठरू लागला. पेरटची बाटली आणि आपलं तिकीट एकाच वयाचे.

हे सगळं वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, आपल्या खानदेशात डब्या लपवायची गरजच नाही. त्या आधीच ठेवलेल्या आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या, चारशे वर्षांपूर्वीच्या. कोडं आहे, ठसा आहे, नंतर येणाऱ्यासाठी निरोपही आहे. फक्त डबी दगडाची आहे. तिला मराठीत शिलालेख म्हणतात आणि उर्दूत कतबा.

पहिली पेटी चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याची. पाटणादेवीच्या डोंगरात, आज जिथे गौताळा अभयारण्य आहे त्या भागात, डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक लेख मिळाला आणि 1865 मध्ये त्यांनी तो अभ्यासकांसमोर मांडला. लेख शके 1128 चा, म्हणजे इ. स. 1207 च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, त्याची ही नोंद. बहुतेक लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. पंडितांसाठी एक भाषा आणि ज्यांनी रोजच्या व्यवहारात ते दान द्यायचं होतं त्या गावकऱ्यांसाठी दुसरी. शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याला समजायला हवं, त्याच्या भाषेत लिहिलं.

आता कोड्याचं बघा. जुने लेखक साल आकड्यांत लिहीत नसत, शब्दांत लपवत. 'मही' म्हणजे पृथ्वी, ती एक, म्हणून 1. 'गुण' तीन, म्हणून 3. 'रस' सहा, म्हणून 6. 'पूर्ण' म्हणजे शून्य. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण, मही या क्रमाने सांगितला आहे. डावीकडून लिहीत गेलात तर 6301 येईल आणि तुम्ही चुकाल. एकक आधी असतो, म्हणून आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे. उत्तर येतं शके 1036, म्हणजे इ. स. 1114.

उजवीकडून डावीकडे! माझ्या उर्दूच्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. त्यांच्याकडेही असंच कोडं आहे. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला किंमत असते. अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4. याला अबजद म्हणतात. एखादा अर्थपूर्ण शब्द किंवा ओळ अशी रचायची की अक्षरांची बेरीज केली की साल निघावं. याला उर्दूत 'तारीख निकालना' म्हणतात. दुकानावर आणि रिक्षावर दिसणारा 786 हा आकडा 'बिस्मिल्ला'च्या पूर्ण वाक्याची अशीच बेरीज आहे. पाटण्याच्या पंडिताला आणि बुऱ्हाणपूरच्या मौलवीला एकमेकांची लिपी येत नसेल, पण कोडं घालण्याची हौस दोघांची सारखी होती.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण फारुकी सुलतानांच्या काळात ते खानदेशचं राजधानीचं शहर होतं. या घराण्याची सुरुवात धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला झाली. 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला तिथली जहागीर दिली, पुढे तो स्वतंत्र झाला आणि 1399 मध्ये वारला. शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर या घराण्याच्या कबरींचे घुमट अजून उभे आहेत. त्यांतला एक अष्टकोनी घुमट कोरीव कामासाठी मुद्दाम पाहावा असा आहे. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. त्या शहराला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. हे संत खुलताबादला चिरनिद्रा घेत आहेत.

बुऱ्हाणपूरची जामा मशीद राजा अली खान फारुकीने बांधली. तिच्यात अरबी लेख आहे, हिजरी 997 चा. आणि तिथेच आत एक संस्कृत लेखही आहे, देवनागरीत. सृष्टिकर्त्याला नमस्कार करून तो सुरू होतो, फारुकींची वंशावळ सांगतो आणि संवत, शक, तिथी, नक्षत्र असं पंचांगाप्रमाणे काळाचं गणित देतो. संवत 1646, शके 1511. मशीद बांधणाऱ्या सुलतानाने स्वतःच्या मशिदीत, स्वतःच्या घराण्याची माहिती संस्कृतात कोरून ठेवली.

मागच्या हिवाळ्यात मी नऊ मुलांना घेऊन भुसावळहून रेल्वेने तिथे गेले. पाच उर्दू शाळेतली, चार मराठी शाळेतली. प्रत्येकाकडे एक वही, पेन्सिल आणि खोडरबरावर घरी कोरलेला स्वतःचा शिक्का. नियम असा की लेखातलं निदान एक अक्षर ओळखून वहीत उतरवायचं, मग बाजूला आपला शिक्का मारायचा आणि ती वही दुसऱ्या शाळेतल्या मुलाला दाखवायची.

अरबी लेखासमोर उर्दू शाळेतल्या मुली पुढे झाल्या. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, पाठ्यपुस्तकातल्यासारखी सरळ नाहीत. तरी 'अल्लाह' सापडला, मग एकेक ओळखीचं अक्षर. थोड्या वेळाने त्यांतली एक संस्कृत लेखापाशी थांबली आणि ओरडली, "मॅडम, ये तो हिंदी में है!" मराठी शाळेतला मुलगा लगेच म्हणाला, "हिंदी नाही, संस्कृत आहे." मग त्याच्याच मनात शंका आली. "पण मॅडम, मशिदीत संस्कृत कसं? नंतर कुणी आणून लावलं का?" मी सांगितलं, नाही. ज्याने मशीद बांधली त्यानेच लावलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने त्या मुलीला 'श्री' कसा काढायचा ते दाखवलं आणि तिने त्याला 'अलिफ'.

त्या मुलाच्या प्रश्नात वावगं काही नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उर्दू शाळेतल्या मुलींनाही कुणी सांगितलं नव्हतं. बी.एड. करताना अध्ययन-अध्यापन साहित्यावर आम्ही वह्या भरल्या, पण गाडीने थोड्याच वेळात पोहोचता येणारं हे साहित्य त्यांत कधी आलं नाही. आणि ते आलं नाही की दगडावरून भांडणं सोपी होतात. लेख ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कुणीही काहीही वाचून दाखवू शकतो.

याच मशिदीत आणखी एक लेख आहे, फारसी. 1601 मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. अकबराच्या त्या मोहिमेची नोंद करणारा हा लेख मीर मुहम्मद मासूम याचा. हा सिंधमधल्या भक्करचा, इतिहासकार आणि 'नामी' या टोपणनावाने लिहिणारा कवी. प्रवासात जिथे जाई तिथे लेख कोरवून ठेवायची त्याची हौस प्रसिद्ध आहे. मांडूपासून इराणपर्यंत त्याने खुणा सोडल्या. डार्टमूरवाल्यांनी त्याला नक्कीच आपल्यातला मानलं असतं.

खूण सोडण्याची सगळीच हौस मात्र चांगली नसते. जळगावहून अजिंठा जवळ, बहुतेक शाळांच्या सहली तिथेच जातात. दहाव्या लेण्यात दोन नावं आहेत. एक दर्शनी भागावर, ब्राह्मी लिपीत. लेण्याच्या त्या भागासाठी दान देणाऱ्या कटहादीचं, दोन हजार वर्षांहून जुनं. दुसरं आत, चित्रावर ओरखडून लिहिलेलं. जॉन स्मिथ, मद्रासच्या घोडदळातला अधिकारी, 28 एप्रिल 1819. शिकारीला आलेल्या स्मिथमुळे जगाला अजिंठा कळला हे खरं, पण त्याने आपलं नाव बोधिसत्त्वाच्या चित्रावरच खरवडलं. कटहादीने काही देऊन नाव ठेवलं, स्मिथने काही खराब करून. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर बाणाने छेदलेली हृदयं काढणारी पोरं कोणाच्या वळणावर गेली, ते सांगायला नको. संरक्षित स्मारकाला इजा केली तर 1958 च्या कायद्यानुसार, त्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लेटरबॉक्सिंगमधली मला आवडलेली गोष्ट हीच आहे. ठसा आपल्या वहीत येतो, दगड जसाच्या तसा राहतो.

लेखाचा ठसा घेणं हे शास्त्रही आहे. दगड स्वच्छ करतात, ओला कागद त्यावर पसरतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात आणि वरून शाई लावतात. उठावाचा भाग काळा होतो, खाच पांढरी राहते. हे काम पुरातत्त्व खात्याच्या माणसांचं, आपण परवानगीशिवाय करायचं नाही. अरबी-फारसी लेखांचं सरकारी कार्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने या विषयात आयुष्य घालवलं आणि देशभरचे शेकडो लेख वाचून छापले. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून आहे. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत. शिवकाळातल्या पत्रांत फारसी शब्द किती, याची मोजदाद त्यांनी केली होती. मराठीचा अभिमान असलेल्या या माणसाला फारसी टाळून मराठीचा इतिहास लिहिता येणार नाही, हे माहीत होतं.

आज अडचण अशी आहे की किल्लीचे दोन तुकडे दोन शाळांत पडले आहेत. उर्दू शाळेतल्या मुलांना फारसी लेखाची अक्षरं लावता येतात, पण त्यांची सहल तिथे जात नाही. मराठी शाळेतली मुलं तिथे जातात, पण ती अक्षरं त्यांच्यासाठी नुसती नक्षी असते. अक्षरं लागली म्हणजे अर्थ लागला असं नाही, त्यासाठी जाणकार हवाच. पण जाणकार होण्याची इच्छा अशाच एखाद्या दिवशी, एखादं अक्षर ओळखू आल्यावर होते. फारसी शिकणारे दरवर्षी कमी होत आहेत, मोडी वाचणारेही. डबी लपवून गेलेला माणूस पुढचा येणार म्हणून विश्वासाने निरोप ठेवतो. पुढचा आलाच नाही, तर डबी असून नसल्यासारखी.

म्हणून शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. या हिवाळ्यात एक दिवस काढा. पाटण्याची डोंगरवाट, थाळनेरचे घुमट, बुऱ्हाणपूरची मशीद, जे जवळ असेल ते. शेजारच्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेला सोबत घ्या. प्रत्येक मुलाला एक वही, पेन्सिल आणि खोडरबराचा शिक्का पुरे. जोड्या लावताना मात्र एक काळजी घ्या, दोघांच्या लिप्या वेगळ्या असू द्या.